वाढीचे माप

मानवी शरीरात तयार होणारे एखादे प्रथिन जिवाणूंकडून तयार करून घ्यावे आणि ते औषध म्हणून रुग्णाला द्यावे, हे नैतिक दृष्टीने कितपत योग्य आहे? प्रश्न अशा भाषेत मांडला की तो सेमिनरीच्या वर्गातला वाटतो. सर्वसामान्य धर्मग्रामातील कुटुंबाचा त्याच्याशी काय संबंध, असेही कोणी म्हणेल. वस्तुतः संबंध फार जवळचा आहे. मधुमेहाचे इन्सुलिन, कर्करोगाच्या उपचारांत पांढऱ्या पेशी वाढविणारे इंजेक्शन, खुज्या राहिलेल्या मुलाला मिळणारे वाढीचे संप्रेरक, न भरणाऱ्या जखमेवरचा मलम, ही सारी औषधे आज जिवाणू किंवा यीस्ट यांच्याकडून करून घेतलेली मानवी प्रथिने आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्यांतले एखादे येऊन गेलेले असेल. ते काय आहे, हे विचारण्याची सवड मात्र आजारपणात मिळत नाही.

आमच्या कबनूरला ती एका कुटुंबाला घ्यावी लागली. इचलकरंजीला लागून असलेले हे गाव यंत्रमागांचे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला आणि पुढे त्याची खडखड आसपासच्या गावांत पसरली. मागावरचे काम उभ्याने करावयाचे; पाळी बहुधा बारा तासांची. अशा माणसाला मधुमेह जडला आणि पायाच्या नसा बधिर झाल्या, तर चपलेतून वर आलेला खिळाही त्याला कळत नाही. आमच्या ओळखीच्या एका मागकामगाराचे असेच झाले. टाचेची जखम महिनोन् महिने भरेना. जखम साफ करणे, पट्ट्या, साखर आटोक्यात आणणे, पायावरचा भार कमी करणे, हे सर्व उपाय झाल्यावर डॉक्टरांनी एक जेल लिहून दिली. हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीची ही जेल ‘रीजेन-डी’ या नावाने मिळते. तिच्या एका ग्रॅममध्ये मानवी एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर हे प्रथिन १५० मायक्रोग्रॅम असते. ती फ्रीजमध्ये ठेवावी लागते. त्या घरी फ्रीज नव्हता, म्हणून नळी शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये दुधाच्या पिशवीजवळ ठेवली गेली. पण लावण्यापूर्वी त्या कामगाराच्या पत्नीने मला विचारले, “मास्तर, ह्यात माणसाचं कायतरी घातलेलं असतंय म्हणं. लावलं तर चालतंय का?”

चालते, निःशंकपणे लावा, असे उत्तर मी दिले आणि ते योग्यच होते. परंतु ‘का चालते’ हे सांगण्यास थोडा विस्तार हवा, आणि तो करताना असे दिसून येते की त्या माउलीच्या प्रश्नाच्या पाठीमागे दुसरा, याहून अवघड प्रश्न उभा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पेशींनी केव्हा वाढावे, केव्हा विभागावे, केव्हा जागा सोडून जखमेच्या दिशेने सरकावे याचे निरोप काही प्रथिने पोहोचवितात. त्यांना ग्रोथ फॅक्टर, अर्थात वृद्धिघटक म्हणतात. त्यांच्या शोधाची कथा विलक्षण आहे. इटलीतील तुरीन शहरात रीटा लेव्ही-मोंताल्चिनी नावाची तरुण डॉक्टर होती. ती ज्यू. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या वंशद्वेषी कायद्यांनी तिला विद्यापीठाचे दार बंद केले. तिने आपल्या निजण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भाच्या नसा कशा वाढतात हे ती शिवणाच्या सुयांना धार लावून केलेल्या हत्यारांनी पाहू लागली. (प्रयोग झाल्यावर उरलेल्या बलकाचे ऑम्लेट होई, असे ती पुढे सांगत असे. युद्धकाळात अंडे टाकून देणे परवडणारे नव्हते.) युद्धानंतर ती अमेरिकेत सेंट लुईसला गेली. तेथे नसांना वाढावयास लावणारा एक पदार्थ तिला उंदराच्या गाठींत आढळला. स्टॅन्ली कोहेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने त्याचा माग घेतला, तेव्हा तो सापाच्या विषात आणि त्याहूनही उंदराच्या लाळग्रंथीत विपुल सापडला. लाळग्रंथीचा तो अर्क नवजात उंदरांना टोचला असता एक नवल घडले. उंदराच्या पिलाचे डोळे जन्मानंतर सुमारे तेरा-चौदा दिवसांनी उघडतात. या पिलांचे सातव्या दिवशीच उघडले. नसांच्या वाढीशी त्याचा काही संबंध नव्हता. अर्कात आणखी काहीतरी होते, आणि ते कातडीच्या पेशींना वाढविणारे होते. तेच एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. १९८६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. लेव्ही-मोंताल्चिनी १९७४ पासून परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीच्या सदस्या होत्या. एकशेतीन वर्षांचे आयुष्य जगून २०१२ मध्ये त्या वारल्या.

लाळेत जखम भरणारे द्रव्य असते, हे वाचताना लूककृत शुभवर्तमानातील सोळावा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. श्रीमंताच्या दाराशी लाजर पडला आहे, त्याचे अंग फोडांनी भरले आहे, आणि कुत्री येऊन ते फोड चाटीत आहेत. प्रवचनांतून आपण हे कुत्र्यांचे चाटणे लाजराच्या दैन्याची परिसीमा म्हणून ऐकत आलो. ते दैन्य होतेच. परंतु मुकी जनावरे आपली जखम चाटतात त्यामागे लाळेतील या द्रव्यांचाही भाग असावा, असे आता समजते. (याचा अर्थ कोणी कुत्र्याकडून जखम चाटवून घ्यावी असा मात्र नाही, त्याच लाळेत घातक जंतूही असतात.) या कथेकडे आपल्याला पुन्हा वळावे लागेल.

आता जिवाणूंकडे येऊ. एशेरिकिया कोलाय हा आपल्या आतड्यांत राहणारा जिवाणू. अनुकूल अन्न मिळाले की तो वीस मिनिटांत एकाचा दोन होतो. त्याच्यात मूळ जनुकांखेरीज एक छोटे वर्तुळाकार सूत्र असते, ते बाहेर काढता येते, कापता येते, त्यात दुसरे जनुक जोडून परत आत घालता येते. ही युक्ती १९७३ मध्ये हर्बर्ट बॉयर आणि स्टॅन्ली कोहेन यांनी सिद्ध केली. (हे कोहेन वेगळे. एकाच नावाच्या दोन माणसांनी या विषयाची दोन टोके धरावीत, हा योगायोग वाचकांचा गोंधळ उडवितो म्हणून सांगितले.) पुढे काय होते ते कबनूरच्या माणसाला समजाविणे सोपे आहे. डॉबीच्या मागावर खुंट्यांच्या पट्ट्यांची साखळी असते. कोणती खुंटी कोठे बसविली यावर कापडावरची नक्षी ठरते. पट्ट्या बदलल्या की तोच माग, तेच सूत, पण नक्षी दुसरी. जिवाणू हा माग आहे आणि जनुक ही पट्ट्यांची साखळी. मागाला आपण लग्नाचे पातळ विणतो आहोत की कफनाचे कापड, हे ठाऊक नसते. जिवाणूलाही आपण जे करतो आहोत ते मानवी आहे हे ठाऊक नसते.

उपमा येथवरच पुरते. जिवाणूला ते प्रथिन परकेच असते, म्हणून पुष्कळदा तो ते सुताच्या गुंतवळासारखे गोळा करून पोटात साठवितो. जिवाणू फोडून तो गुंता बाहेर काढावा लागतो, विरघळवावा लागतो, आणि प्रथिनाची प्रत्येक घडी पुन्हा जेथल्या तेथे बसवावी लागते. एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर अवघ्या ५३ अमिनो आम्लांची साखळी आहे, तरी तिच्यातले तीन सांधे बरोबर जुळले नाहीत तर ती निरुपयोगी. मग शुद्धीकरण. जिवाणूच्या कवचाचा सूक्ष्म अंश जरी राहिला तरी रुग्णाला ताप भरतो. औषधाच्या किमतीतला मोठा वाटा या दुसऱ्या टप्प्याचा असतो. जिवाणू स्वतः फार थोडे मागतो.

मग या औषधात माणसाचे काय आहे? कोणाचे रक्त नाही, मांस नाही. जनुकसुद्धा कोणा विशिष्ट माणसाच्या देहातून काढावे लागत नाही. त्याच्या अक्षरांचा क्रम माहीत असला की ते प्रयोगशाळेत रसायनांपासून जुळविता येते. १९७७ मध्ये जिवाणूने तयार केलेले पहिले मानवी संप्रेरक, सोमॅटोस्टॅटिन, अशाच कृत्रिम जनुकापासून झाले होते. किंबहुना जिवाणूचे हे ‘मानवी’ प्रथिन पुष्कळदा पुरते मानवी नसतेच. कर्करोगाच्या उपचारानंतर पांढऱ्या पेशी वाढविणारे फिल्ग्रास्टिम हे औषध घ्या. ते १९९१ मध्ये अमेरिकेत आले. भारतात हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००१ मध्ये आपले आणले. त्याच्याच दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रकाराचे उत्पादन आज पुण्यात ल्युपिनच्या जैवतंत्रज्ञान केंद्रात होते. मानवी शरीरातील या प्रथिनात १७४ अमिनो आम्ले असतात, औषधात १७५. जिवाणू प्रत्येक प्रथिनाचा आरंभ मेथिओनिन या अमिनो आम्लाने करतो, ते एक तेथे तसेच राहून गेलेले असते. शिवाय आपल्या पेशी त्या प्रथिनाला शर्करेची एक शेंडी जोडतात. जिवाणूला ते येत नाही. तरीही अस्थिमज्जा हा निरोप ओळखते आणि पेशी तयार करू लागते.

माणसाचे माणूसपण त्याच्या प्रथिनांत वाटून ठेवलेले नाही, हे यावरून समजावे. ख्रिस्ती विचाराला यात धक्का बसण्याचे कारण नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २९ ऑक्टोबर १९८३ रोजी जागतिक वैद्यक संघटनेपुढे केलेल्या भाषणात जनुकीय हस्तक्षेपांचा परामर्श घेतला होता. रोगनिवारण हाच ज्याचा खरा हेतू आहे अशा उपचाराचे त्यांनी तत्त्वतः स्वागत केले आणि मनुष्याला केवळ साधन बनविणाऱ्या प्रयोगांना विरोध केला. भ्रूणाचा प्रश्नही आपल्याकडे आस्थेने विचारला जातो. काही लसी आणि औषधे भ्रूणापासून पूर्वी काढलेल्या पेशींवर वाढविली जातात; त्याविषयी ख्रिस्तसभेने २००८ मध्ये आणि पुन्हा कोविडच्या साथीत डिसेंबर २०२० मध्ये मार्गदर्शन केले आहे. जिवाणूंत तयार होणाऱ्या औषधाच्या बाबतीत तो प्रश्न उद्भवत नाही.

आरंभी शास्त्रज्ञच या तंत्राला भ्याले होते, ही गोष्ट त्यांच्या श्रेयाची आहे. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे जमून त्यांनी स्वतःवर बंधने घातली. त्यानंतर अमेरिकेतील केंब्रिज नगरपालिकेने, हार्वर्ड विद्यापीठ आपल्या हद्दीत आहे म्हणून, असे प्रयोग काही महिने थांबविले आणि निर्णय घेण्यासाठी सामान्य नागरिकांची समिती नेमली. त्या समितीत एक कॅथॉलिक धर्मभगिनीही होती. या मंडळींनी रात्री रात्री बसून विषय समजावून घेतला आणि १९७७ च्या आरंभी सुरक्षिततेच्या अटी घालून प्रयोगांना अनुमती दिली. ज्यांच्या गावात प्रयोग व्हावयाचे त्यांना विचारले गेले, आणि त्यांनी भीती बाजूस ठेवून शहाणपणाचे उत्तर दिले. आपल्याकडे अशी समिती नेमली गेल्याचे मला तरी आठवत नाही.

तेव्हा, जिवाणूकडून मानवी प्रथिन करून घेण्यात मूलतः अधर्म नाही. पण येथे थांबलो तर आपण सोपा प्रश्न सोडवून अवघड प्रश्न टाळल्यासारखे होईल. तो कळण्यासाठी वाढीच्या संप्रेरकाचा इतिहास पाहिला पाहिजे. काटेकोर बोलावयाचे तर ते वृद्धिघटक नव्हे. पण ते यकृताकडून आयजीएफ-१ नावाचा वृद्धिघटक तयार करवून घेते आणि त्याच्याद्वारे हाडे वाढविते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत हे संप्रेरक असते. ज्या मुलांत ते तयार होत नाही ती खुजी राहतात. गाईचे वा डुकराचे इन्सुलिन माणसाला चालत असे, पण वाढीच्या बाबतीत जनावरांचे संप्रेरक माणसाला उपयोगी पडत नाही. म्हणून १९५८ पासून मृत माणसांच्या पीयूषिका ग्रंथींतून ते काढून मुलांना देण्यात येऊ लागले. अमेरिकेत १९६३ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली. ग्रंथी वाटाण्याएवढी, आणि एका मुलाला वर्षानुवर्षे औषध हवे. त्यामुळे टंचाई सदैव. ज्याला खरोखरच संप्रेरक नाही अशा मुलालाच ते मिळे, आणि ठरावीक उंची गाठली की औषध बंद करून दुसऱ्या मुलाला देत. अमेरिकेत त्या यंत्रणेमार्फत सुमारे ७,७०० मुलांना उपचार मिळाला.

१९८५ मध्ये भयंकर गोष्ट उघडकीस आली. पूर्वी हे औषध घेतलेले काही तरुण क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदू पोखरणाऱ्या, निश्चित मरण आणणाऱ्या रोगाने दगावले. कोणा मृताच्या ग्रंथीबरोबर तो रोग आला होता आणि हजारो ग्रंथी एकत्र वाटल्या जात असल्याने पसरला होता. फ्रान्समध्ये अशा मृत्यूंची संख्या पुढे शंभरावर गेली. मृतांनी दिलेल्या आणि प्रेमाने वाटलेल्या औषधाने मुले मेली. अमेरिकेत पुरवठा तत्काळ थांबला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जेनेंटेक कंपनीच्या जिवाणूनिर्मित संप्रेरकास मान्यता मिळाली. त्यातही ते एक मेथिओनिन जास्तीचे होतेच: १९१ ऐवजी १९२. पण मेलेल्याचा रोग त्यात नव्हता. जे लोक ‘नैसर्गिक ते शुद्ध, प्रयोगशाळेतले ते भ्रष्ट’ असे समीकरण मांडतात त्यांनी या १९८५ सालावर थोडा विचार करावा.

टंचाई संपली. आता टाकीत हवे तेवढे संप्रेरक. आणि मग जे औषध नसलेल्याला देण्यासाठी होते ते असलेल्यालाही देण्याची वाट निघाली. २००३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, ज्यांच्या शरीरात संप्रेरकाची उणीव आढळत नाही पण जी फार ठेंगणी आहेत, अशा मुलांनाही ते देण्यास संमती दिली. प्रौढपणी मुलगा १६० आणि मुलगी १५० सेंटिमीटरच्या आतच राहील असा अंदाज असेल तर. वर्षानुवर्षे रोज एक सुई, आणि लाभ बहुधा काही सेंटिमीटरांचा. या मुलांना आजार कोणता, तर सर्वांहून ठेंगणे असणे.

कोल्हापूर जिल्ह्यात याचा विचार दूरचा नाही. आमच्याकडे पहाटे माळावर धावणारी पोरे पोलीस भरतीसाठी धावतात. महाराष्ट्रात शिपाई पदासाठी पुरुषांना १६५ सेंटिमीटर उंची लागते. १६२ वर अडलेल्या मुलाचा बाप कोणते औषध शोधणार नाही? अठराव्या-विसाव्या वर्षी हाडांची टोके जुळून गेल्यावर कोणतेही संप्रेरक उंची वाढवू शकत नाही, ही वैद्यकीय वस्तुस्थिती त्याला कोणी सांगत नाही. भिंतीवरच्या जाहिराती उलटेच सांगतात. परंतु समजा, तो बाप मुलाच्या बाराव्या वर्षीच गेला आणि त्याच्यापाशी पैसा असला, तर? मला त्या बापाचा राग येत नाही. तरीही माझे मत असे आहे की १६२ सेंटिमीटरचा निरोगी मुलगा आजारी नाही, आणि पट्टी सरकविता येत नाही म्हणून मुलाला ताणणे हा उपचार नव्हे. शिवाय सर्वांनीच मुलांना सुया दिल्या तर भरतीची पट्टीही वर जाईल आणि शेवटचा मुलगा शेवटचाच राहील. मात्र सीमा नेहमी इतकी स्पष्ट नसते, हेही मान्य केले पाहिजे. १४५ सेंटिमीटरवर थांबणाऱ्या मुलाची शाळेतली टवाळी, बसच्या दांडीला न पोहोचणारा हात, यांना कोणी ‘आजार नाही’ म्हणून झिडकारू नये. तेथे डॉक्टरने आणि आईबापांनी त्या एका मुलाकडे पाहूनच ठरवावे लागते. पूर्वी हे ठरविण्याचे कष्ट टंचाईने वाचविले होते. औषधच नसल्यावर विवेकाची परीक्षा होत नाही.

शरीर स्वतः या बाबतीत आपल्याहून दक्ष आहे. जखम भरली की ते वाढीचे निरोप थांबविते. हे थांबणे जेथे बिघडते तेथे कर्करोग. एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर पेशीच्या ज्या कडीवर थाप देतो, तीच कडी काही कर्करोगांत सतत वाजत राहते. म्हणून ती बंद करणारी औषधे निघाली आहेत. एकाच इस्पितळात एका मजल्यावर मधुमेह्याच्या टाचेवर हे प्रथिन लावीत असतील आणि दुसऱ्या मजल्यावर तंबाखूने झालेल्या तोंडाच्या कर्करोगासाठी त्याच प्रथिनाची वाट अडविणारे औषध शिरेतून देत असतील. जखमेसाठी वापरल्या जाणाऱ्या अशाच दुसऱ्या एका वृद्धिघटकावर २००८ मध्ये अमेरिकेत कर्करोगविषयक कडक इशारा छापावा लागला होता. पुढे अधिक माहिती आल्यावर २०१८ मध्ये तो सौम्य झाला. म्हणून हे मलम शेजाऱ्याचे पाहून, चिठ्ठीवाचून आणू नये. न भरणारी प्रत्येक जखम मधुमेहाचीच असते असे नाही. काही जखमा मुळात कर्करोगाच्याच असतात.

आता लाजराकडे. त्या कथेतील श्रीमंताने लाजराला मारले नव्हते, हाकलले नव्हते. त्याच्याकडे पुष्कळ होते आणि दारात जखम होती, एवढेच. जिवाणूने विपुलता आणली, आणि तरी कबनूरच्या घरात टंचाईच आहे. ती आता ग्रंथींची नाही, पैशाची आहे. त्या जेलच्या एका नळीला मागकामगाराची काही दिवसांची मजुरी जाते, आणि जखम भरेपर्यंत नळ्या कित्येक लागतात. घरात हिशेब सुरू होतो: नळी, की पोरीची फी, की पाय जाईल तेव्हा पाहू. बोट काढणे सरकारी इस्पितळात फुकट होते. ते वाचविणारे औषध बाहेरून विकत आणावे लागते. ज्या विपुलतेने दुसरीकडे निरोगी मुलाला सुई दिली, तिने येथे टाचेचा निकाल किमतीवर सोपविला. दोन्ही ठिकाणी निर्णय माणसांचे आहेत. जिवाणूवर त्यांचे खापर फोडता येत नाही.

किंमत ही निसर्गाने ठरविलेली गोष्ट आहे, असे आपल्याला वाटावयास लावले जाते. तसे नाही. कावीळ-ब ची लस पूर्वी परदेशांतून येई आणि सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असे. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये ती यीस्टपासून येथेच तयार केली. पाठोपाठ इतरांनी केली, आणि काही वर्षांत तिची किंमत मूळ किमतीच्या लहानशा अंशावर आली. पुढे ती सरकारी लसीकरणात आली; आज आपल्या बाळांना ती आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. फिल्ग्रास्टिमचेही अनेक उत्पादक झाल्यावर किंमत उतरली. उद्योजकाला नफा नको असे येथे म्हणावयाचे नाही; शुद्धीकरणाचा तो दुसरा टप्पा फुकट होत नाही आणि चाचण्यांना वर्षे लागतात. पण १९९१ च्या ‘सेंतेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी एक मार्मिक गोष्ट नोंदविली आहे. आपल्या काळी ज्ञान, तंत्र आणि कौशल्य हीसुद्धा जमिनीसारखीच मालमत्ता झाली आहे, असे त्यांनी म्हटले, आणि पृथ्वीवरील संपत्ती मूलतः सर्वांसाठी आहे हे तत्त्वही त्याच ठिकाणी पुन्हा मांडले. ५३ अमिनो आम्लांचा क्रम कोणा कंपनीने रचलेला नाही. तो माझ्या, आपल्या आणि त्या मागकामगाराच्या कातडीत जन्मापासून आहे. त्याच्या निर्मितीच्या कृतीवर हक्क सांगता येईल. पण ज्याच्या देहाची ती अक्षरे आहेत त्याला दाराबाहेर ठेवून नव्हे.

व्यवहारात काय करता येईल? दयाळू शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पण तेथेच तो थांबला नाही. उतारशाळेच्या मालकाच्या हातावर त्याने दोन दीनार ठेवले आणि वर लागतील ते परत येताना देईन म्हणाला. म्हणजे त्या कथेतही औषधाबरोबर बिल आहे. धर्मग्रामांतील सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या शाखा औषधांची बिले भरतात, हे चांगलेच आहे. परंतु अशी औषधे सरकारी इस्पितळांच्या मोफत यादीत यावीत म्हणून अर्ज करणे, डॉक्टरांच्या सह्या मिळविणे, आमदारांकडे खेटे घालणे हेही त्याच दोन दीनारांतले काम आहे, आणि त्याचा आपल्याला कंटाळा असतो.

आणि काही गोष्टींना जिवाणूचीही गरज नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर जे काम केले, त्यातून मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, ज्यांना एम.सी.आर. म्हणतात त्या चपला प्रचारात आल्या. कुष्ठरोगाचा बधिर पाय आणि मधुमेहाचा बधिर पाय यांचे दुखणे चपलेच्या दृष्टीने सारखेच. बारा तास मागाशी उभे राहणाऱ्या मधुमेह्याने अशी चप्पल घालावी, कामावरून आल्यावर तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांना दाखवावेत, आणि पाय कोमट पाण्यात घालण्यापूर्वी दुसऱ्या कोणाच्या हाताने पाणी पाहून घ्यावे. कबनूर-इचलकरंजीच्या कारखान्यांत डोळे तपासणीची शिबिरे होतात. पाय तपासणीचे शिबिर माझ्या तरी पाहण्यात नाही. त्याला एक डॉक्टर, एक परिचारिका, बधिरता पाहण्याचा नायलॉनचा दोरा आणि पाळी बदलताना मिळणारा अर्धा तास एवढेच लागते.